भुवई नसलेलें भुवई बदक

संस्कृत काव्याचा थोडाबहुत परिचय ज्या घरांत आहे, त्या घरांत चक्रवाकाचें नांव कोणीं ऐकलें नाहीं असें सहसा होत नाहीं. रात्र पडतांच ज्याची ताटातूट होते आणि उजाडेपर्यंत जें एकमेकांस साद घालीत राहतें, त्या विरही जोडप्याचीं वर्णनें आपल्या कवींनीं शतकानुशतकें केलीं आहेत. आमच्या आजोबांचा अमरकोश पाठ होता. हंस, कादंब, कारंडव, चक्रवाक, प्लव हीं नांवें ते एका दमांत म्हणत. परंतु त्यांपैकीं एक तरी पक्षी पाण्यावर पोहतांना ओळखून दाखवा असें त्यांस कोणीं म्हटलें असतें, तर ते खचित अडखळले असते. शब्द आमच्या घरांत पिढ्यान्पिढ्या नांदला. पक्षी मात्र दाराबाहेरच राहिला. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हां मंडळींची आजची स्थिति याहून फारशी बरी नाहीं. आजोबांस नांवें तरी येत होतीं. आम्हांस पाण्यावर तरंगणारें जें कांहीं दिसेल तें सारें 'बदक'.

हा कबुलीजबाब देण्याचें कारण गेल्या हिंवाळ्यांत आमच्या हातून झालेली एक चूक हें होय. चूक लहानशी होती आणि ती वेळींच सुधारली गेली. तथापि तिच्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें.

आम्ही मुलुंडचे रहिवासी. आगगाडीच्या रुळांच्या पूर्वेस वस्ती ओलांडून आणि पुढें पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून गेलें म्हणजे शहराचा गलबला एकाएकीं मागें पडतो आणि समोर खारफुटीचा हिरवा पट्टा लागतो. त्यापलीकडे ठाण्याची खाडी. घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड हीं सारीं गांवें या खाडीच्या पश्चिम कांठचीं. या कांठावर पूर्वीं मिठागरें पसरलीं होतीं. त्यांपैकीं कांहींचे बांध अद्याप दिसतात. मधून मधून गोड्या, मचूळ व खाऱ्या पाण्याचीं उथळ तळीं आहेत. भांडुपजवळ नगरपालिकेचें जें सांडपाण्याचें केंद्र आहे, त्यास सर्व लोक 'पंपिंग स्टेशन' म्हणतात. आणि पक्षी पाहणारांत या अत्यंत अकाव्यमय नांवाचा महिमा मोठा आहे. ज्या पाण्याकडे आपण नाक मुरडून पाहतों, त्यांत किडे, अळ्या, शेवाळ व पाणवनस्पति विपुल वाढतात, आणि हजारों कोसांवरून आलेल्या पाहुण्यांस तेंच पक्वान्न असतें. आमच्या मातोश्रींस मात्र हें पटत नाहीं. आम्ही भल्या पहांटे दुर्बीण घेऊन निघालों, तेव्हां "परत याल ते आधीं न्हाणीघरांत जा, मग देवघराकडे फिरका," असें त्यांनीं बजावलें होतें.

तो जानेवारीतला रविवार होता. आशियांतील पुष्कळशा देशांत १९८७ पासून दरवर्षीं जानेवारी महिन्यांत पाणपक्ष्यांची शिरगणति होत असते. सरकारी नोकरांनीं घरोघर फिरून करावयाची ही शिरगणति नव्हे. ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या तळ्याकांठीं उभे राहून जें दिसेल तें मोजतात व कागदावर उतरवून देतात. आमच्या तुकडीचे प्रमुख एक वयस्क शिक्षक होते. सर्व मंडळी त्यांस 'सर' म्हणत. बांधाच्या एका टोंकाचें लहानसें तळें त्यांनीं आमच्याकडे सोंपविलें. बरोबर आमची दहा वर्षांची पुतणी होती. तिच्याकडे वही व पेन्सिल, आमच्याकडे दुर्बीण व चित्रांचें पुस्तक, अशी कामाची वांटणी झाली.

तळ्यावर पाखरें पुष्कळ होतीं. लांब गुलाबी पायांचे शेकाटे कांठच्या चिखलांत चालत होते. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी मध्यें पोहत होते; हे दिसावयास बदकासारखे असले तरी बदक नव्हेत, हें आम्हांस त्याच सकाळीं समजलें. त्यांच्या पलीकडे लव्हाळ्याच्या कडेला लहान, करड्या-तपकिरी बदकांचा एक थवा होता. आम्हीं तीं तीन वेळां मोजलीं, सत्तावीस भरलीं. पुस्तक उघडलें. लहान बदकांत पहिलें चित्र निघालें तें चक्रांग बदकाचें. त्याच्या नराचें डोकें तांबूस-पिंगट, डोळ्यावरून मागें हिरवा रुंद पट्टा. मादी साधी, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. आमच्या सत्तावीस बदकांत तांबूस डोक्याचें एकहि नव्हतें. तेव्हां या सर्व माद्या, असें आम्हीं ठरविलें, आणि पुतणीस सांगितलें, "लिही, चक्रांग, मादी, सत्तावीस."

तिनें लिहिलें. मग पेन्सिल तोंडांत धरून थोडा वेळ तळ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "काका, यांच्यांत नर एकहि कसा नाहीं?"

"असतील दुसऱ्या तळ्यावर," आम्ही म्हणालों.

"सगळेच?"

यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वडीलपणाच्या आधारानें आम्हीं तो विषय तेथेंच मिटविला. परंतु कागद देण्यास सरांकडे गेलों, तेव्हां तिनें तोच प्रश्न त्यांस विचारला. सर हंसले नाहींत. त्यांनीं कागद पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि शांतपणें तीन प्रश्न केले. त्या बदकांच्या चेहऱ्यावर किती रेघा होत्या? चोंचेच्या मुळाशीं फिकट ठिपका होता काय? तीं उडालीं तेव्हां पंखाचा पुढचा भाग कोणत्या रंगाचा दिसला? आम्हीं यांपैकीं एकहि गोष्ट पाहिली नव्हती. आम्हीं पाहिलें होतें तें इतकेंच, कीं पुस्तकांतल्या नराचा रंग त्यांच्यांत कोठें नाहीं. जें नव्हतें त्यावरून आम्हीं नांव ठरविलें होतें. जें होतें त्याकडे पाहिलेंच नव्हतें.

"मुलीचा प्रश्न बरोबर आहे," सर म्हणाले. "चला, पुन्हां पाहूं."

तळ्यापर्यंत चालतां चालतां त्यांनीं जें सांगितलें, त्याचा सारांश येथें देतों. कारण हिंवाळी बदकें ओळखण्याचें सारें मर्म त्यांत आहे.

आपल्या समजुतीनें नर म्हणजे रंगीत व मादी म्हणजे साधी. पुस्तकांतील चित्रें हाच समज दृढ करितात. परंतु नराचा तो रंगीत पोशाख बारमहा नसतो. उत्तरेकडील थंड प्रदेशांत वसंत ऋतूंत जोड्या जमतात, मादी अंडीं उबवावयास बसते, आणि त्यानंतर उन्हाळ्यांत नराचीं पिसें झडूं लागतात. बदकांच्या बाबतींत विशेष असा, कीं पंखांतील उडण्याचीं मोठीं पिसें एकामागून एक न झडतां एकदमच झडतात. त्यामुळें तीन-चार आठवडे त्या पक्ष्यास मुळींच उडतां येत नाहीं. शत्रु आला तर लव्हाळ्यांत दडून बसणें हाच काय तो उपाय. अशा वेळीं अंगावर भडक रंग असणें म्हणजे मरणास आमंत्रण. म्हणून निसर्गानें नरास त्या काळापुरता मादीसारखा तपकिरी वेष दिला आहे. पंख पुन्हां फुटतात, उड्डाणाचें बळ येतें, आणि याच साध्या वेषांत तो दक्षिणेची वाट धरतो. नवा रंगीत पोशाख मागाहून येतो.

तो किती मागाहून येतो, हें मात्र प्रत्येक जातींत निराळें. आणि आमची चूक नेमकी येथें झाली. चक्रांग बदकाचा नर हिंवाळ्याच्या आरंभींच आपला पोशाख पुरा करतो. डिसेंबर-जानेवारींत चक्रांगांचा थवा पाहिला, तर त्यांत तांबूस डोक्याचे नर उठून दिसलेच पाहिजेत. भुवई बदकाची तऱ्हा निराळी. डोळ्यावरून मानेपर्यंत उतरणारी ठळक पांढरी भुवई हें त्याच्या नराचें लक्षण. नांवहि त्यावरूनच पडलें. पण तो तपकिरी वेष फार दिवस ठेवतो. बहुतेक हिंवाळा तो त्याच वेषांत काढतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, परत जाण्याचे दिवस जवळ आले म्हणजे, त्याची भुवई उमटूं लागते. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडे लोक हौसेनें पक्षी पाहावयास निघतात, त्याच महिन्यांत भुवई बदकास भुवई नसते. जानेवारींत एखाद्या तळ्यावर लहान तपकिरी बदकांचा मोठा थवा असावा आणि त्यांत एकहि नर दिसूं नये, तर त्या सर्व माद्या असण्यापेक्षां तीं भुवई बदकें असण्याचा संभव अधिक. पुतणीनें जी शंका काढली, तीच ओळखीची किल्ली होती.

बदकें त्याच जागीं होतीं. या खेपेस आम्हीं दुर्बिणींतून चेहरा पाहिला. डोळ्यावर एक फिकट रेघ. डोळ्यांतून जाणारी गडद रेघ. तिच्याखालीं पुन्हां फिकट. आणि गालावर आणखी एक गडद पट्टा. जणूं चेहऱ्यावर कोणीं आडव्या रेघा ओढल्या होत्या. चोंचेच्या मुळाशीं फिकट ठिपका स्पष्ट दिसत होता, आणि गळा पांढुरका होता. चक्रांगाच्या मादीचा चेहरा इतका रेघाळ नसतो. तिच्या डोळ्यांतून एकच गडद रेघ जाते, चोंच बारीक असून तिच्या मुळाशीं बहुधा पिवळसर छटा असते, आणि शेपटीच्या कडेला एक फिकट ओरखडा दिसतो. हें सर्व अर्ध्या तासापूर्वींहि आमच्या डोळ्यांसमोर होतें.

इतक्यांत घारीसारखा एक शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून खालून खालून तरंगत आला आणि सारा थवा एकदम उडाला. सर म्हणाले, "पंख पाहा." थव्यानें एक वळसा घेतला, सूर्य पाठीशीं आला, आणि सत्तावीसांपैकीं कित्येकांच्या पंखांचा पुढचा भाग फिकट निळसर-राखी रंगानें चमकून गेला. पंखावरील हीं लहान पिसें वर्षांतून एकदांच बदलतात. म्हणून अंगावर मादीचा वेष असला तरी नराच्या पंखाचा रंग लपत नाहीं; केवळ पंख मिटलेला असतां तो झांकलेला राहतो. ज्यांस आम्ही सरसकट माद्या म्हणालों होतों, त्यांत नर होतेच. पुतणीनें वहींतील ओळ खोडली आणि तिच्याखालीं लिहिलें, "भुवई बदक, २७." नर किती व माद्या किती हा रकाना मात्र तिनें रिकामा ठेवला; कारण उडत्या थव्यांत तेवढें मोजणें कोणासहि साधलें नव्हतें.

ज्या वाचकांस हा प्रयोग स्वतः करून पाहण्याची इच्छा असेल, त्यांच्यासाठीं आम्हीं शिकलेला क्रम सांगतों. प्रथम आकार पाहावा. भुवई बदक लहान, सुमारें ४० सेंटिमीटर लांबीचें. चक्रांग त्याहून किंचित् लहान. मग चोंच पाहावी. चोंच जर फावड्यासारखी रुंद व मोठी असेल, तर तें थापट्या बदक. तें पाण्याच्या पृष्ठभागावर चोंच टेकवून गोल गोल फिरत अन्न गाळीत असतें. त्याच्याहि पंखावर निळसर रंग असतो. भुवई बदक व थापट्या हे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, असें अलीकडील वंशाभ्यासानें दिसून आल्यावर शास्त्रज्ञांनीं दोघांस 'स्पॅट्युला' या एकाच जातकुळींत घातलें आहे. मान लांब व बारीक आणि शेपटी टोंकदार असेल, तर तें तलवार बदक. चोंच काळी असून तिचें टोंक पिवळें आणि मुळाशीं दोन तांबडे ठिपके असतील, तर तें हळदीकुंकू बदक. तें परदेशचें पाहुणें नसून आपल्याच देशाचें रहिवासी आहे. शीळ घालीत उडणारी तांबूस अडईहि इकडचीच. चोंचेनंतर चेहऱ्यावरील रेघा मोजाव्या. मग धीर धरून थवा आपण होऊन उडेपर्यंत थांबावें आणि पंख पाहावा; पाखरें उडावीं म्हणून दगड मारणें हा अभ्यास नव्हे. आणि शेवटीं महिना पाहावा. कारण पंचांगाशिवाय जसें सणाचें नांव सांगतां येत नाहीं, तसें महिन्यावांचून बदकाचेंहि सांगतां येत नाहीं.

भुवई बदकाच्या बाबतींत महिन्यास आणखीहि एक महत्त्व आहे. उत्तरेकडून येणाऱ्या बदकांत तें फार लवकर येणारांपैकीं एक. ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे आपल्याकडे गणपतीचे दिवस असतात त्या सुमारास, त्याचे पहिले थवे भारतांत उतरूं लागतात. आणि परत जाणारांत तें बहुधा शेवटचें असतें. युरोपपासून सैबेरियापर्यंतच्या पाणथळ गवताळ प्रदेशांत त्याचा जन्म. थंडींत तो सारा प्रदेश रिकामा करून त्यांतील कांहीं आफ्रिकेंत व कांहीं आपल्याकडे येतात. ज्याचें वजन अर्धा किलोहि भरत नाहीं असा हा जीव दरसाल दोन वेळां हा प्रवास करितो. त्याच्या पायांत कडें घालून सोडण्याची युक्ति निघाली नसती, तर येथलें बदक कोठून आलें हें आपणांस केवळ तर्कानेंच म्हणावें लागलें असतें. भारतांत कडीं घातलेलीं बदकें सैबेरियांत सांपडलीं आणि तो तर्क खरा ठरला.

ओळखीच्या शास्त्राचा इतिहासहि मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकांत भारतांतील बदकांविषयीं जे ग्रंथ झाले, ते बव्हंशीं शिकाऱ्यांसाठीं लिहिलेले होते. ह्यूम व मार्शल यांचा शिकारी पक्ष्यांवरील ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळांत निघाला. स्टुअर्ट बेकर यांचें भारतीय बदकांवरील पुस्तक १९०८ मध्यें. त्या काळीं पक्षी ओळखावयाचा म्हणजे आधीं तो मारावयाचा. हातांत मेलेलें बदक असलें म्हणजे पंख पसरून पाहतां येतो, चोंच मापतां येते. जिवंत बदक पाण्यावर दूर असतां काय पाहावें, हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे.

मुंबईस 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' १८८३ मध्यें स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते, ही गोष्ट आपल्या समाजांत फारशी कोणास ठाऊक नसते. प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून आत्माराम पांडुरंगांचें नांव आपण आदरानें घेतों. पशुपक्ष्यांच्या अभ्यासाच्या संस्थेंतहि ते होते, हें सांगावयाचें राहून जातें. याच संस्थेच्या दारांत सुमारें १९०८ मध्यें एक लहान मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीनें मारलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. "ही कोणती?" एवढेंच त्यास विचारावयाचें होतें. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनीं त्यास पिटाळून न लावतां जात सांगितली आणि कपाटें उघडून जतन केलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेले डॉ. सलीम अली. त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्यें निघालें आणि सामान्य माणसास बंदुकीवांचून पक्षी ओळखण्याची वाट मोकळी झाली. मराठींत मारुति चितमपल्ली यांनीं पक्ष्यांचीं नांवें गोळा करण्यासाठीं जें श्रम केले, त्यांचेंहि स्मरण येथें केलें पाहिजे. भुवई, थापट्या, चक्रांग असे आपले शब्द हाताशीं असले म्हणजे दहा वर्षांच्या मुलीसहि ते वहींत लिहितां येतात.

येथें कोणी विचारील, कीं चक्रांग काय किंवा भुवई काय, दोन्ही बदकेंच. नांव चुकलें म्हणून जगाचें काय बिघडलें? आम्हींहि मनांत तेंच म्हणालों होतों. सरांनीं याचें उत्तर हिशेबाच्या भाषेंत दिलें. आम्हीं चुकीची ओळ तशीच देऊन टाकली असती, तर एक चूक झाली नसती, दोन झाल्या असत्या. जीं सत्तावीस भुवई बदकें तेथें होतीं तीं कागदावरून नाहींशीं झालीं असतीं, आणि जीं सत्तावीस चक्रांग तेथें नव्हतीं तीं कागदावर जन्मास आलीं असतीं. असे कागद शेंकडों ठिकाणांहून येतात. त्यांच्या बेरजेवरून कोणती जात वाढत आहे व कोणती घटत आहे याचा अंदाज बांधला जातो. चुकीच्या ओळीवर उद्यां कोणी म्हणेल, भुवई बदकें या खाडीवर येतच नाहींत.

या अंदाजांवर जागांचें भवितव्यहि अवलंबून असतें. पाणथळ प्रदेशांविषयीं १९७१ मध्यें इराणांतील रामसर या गांवीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. कोणती पाणथळ जागा जागतिक महत्त्वाची मानावी, याच्या त्यांतील कसोट्यांपैकीं एक अशी, कीं एखाद्या पाणपक्ष्याच्या जातीच्या अथवा उपजातीच्या समूहांतील शेंकडा एक पक्षी तेथें नियमितपणें येत असावे. म्हणजे हा कस लावावयाचा तर आधीं जात बिनचूक ठाऊक पाहिजे. आमच्या ठाणें खाडीचा कांहीं भाग २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ मध्यें खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. रोहित पक्षी उंच, गुलाबी व हजारोंनीं येणारा. त्यास ओळखावयास शास्त्री लागत नाहीं. परंतु खाडीलगतचीं मिठागरें व लहान तळीं यांस असा कोणी ठळक कैवारी नाहीं. कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारें २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठीं घेण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ मध्यें केला. मुंबईस घरांची निकड आहे हें आम्ही, दोन खोल्यांत सहा माणसें राहून लहानाचे मोठे झालेले, नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं अशा निर्णयांच्या वेळीं त्या पाण्यावर कोण उतरतें हें कागदावर खरें लिहिलेलें असावें. तपकिरी, अनामिक, 'कांहीं बदकें' अशी नोंद असलेल्या तळ्याची बाजू कोण मांडणार?

शिकारीचा धाक आतां पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९१ मध्यें त्यांत झालेल्या दुरुस्तीनें ती वाट कायद्यानें बंद केली आहे. आतांचा प्रश्न आहे तो जागेचा. बंदुकीच्या बारानें थवा उडे व दुसऱ्या तळ्यावर उतरे; दुसरें तळेंच नसलें तर त्यानें कोठें उतरावें?

यानंतर आमचा रविवारचा क्रमच ठरून गेला. फेब्रुवारी संपत आला तेव्हां एके दिवशीं पुतणीनें दुर्बीण आमच्या हातांतून जवळजवळ ओढून घेतली. थव्यांतील एका बदकाच्या डोळ्यावर पांढरी रेघ रुंद होऊं लागली होती. अजून ती तुटक व मळकट होती, जणूं कोणीं चुन्याचें बोट घाईनें ओढलें असावें. पुढच्या रविवारीं तशीं तीन दिसलीं. मार्चच्या मध्याला मात्र शंका उरली नाहीं. तांबूस-पिंगट चेहरा, त्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत वळलेली स्वच्छ पांढरी भुवई, राखी कुशी, आणि पाठीवर लोंबणारीं काळीं-पांढरीं लांब पिसें, अशा थाटांत नऊ नर पाण्यावर फिरत होते. मधूनच एखादा मान मागें टाकून कर्रर्र असा कोरडा आवाज काढी. फणीच्या दातांवरून नख फिरवावें तसा. पुतणीनें वहीच्या जानेवारीच्या पानावर, रिकाम्या राहिलेल्या रकान्याशेजारीं, तारीख घालून लिहिलें, "नर निदान ९."

एप्रिलांत तळें ओसरत आलें आणि थवा एका आठवड्यांत दिसेनासा झाला. शेकाटे होते, वारकरी थोडे होते. लव्हाळ्याची कड मोकळी होती. घरीं आल्यावर मातोश्रींनीं नेहमींप्रमाणें आधीं न्हाणीघराकडे बोट दाखविलें. मग, आम्ही बाहेर आल्यावर, त्यांनींच विचारलें, "गेलीं का गं तुझीं ती भुवईवालीं?" नातीनें होय म्हटलें. "मग परत केव्हां?"

"गणपतींत," ती म्हणाली. "पण तेव्हां आजी, त्यांस भुवई नसेल. तूं फसूं नकोस."